नदीपलीकडचे चार महिने

आई, तुझ्या वाटेने आता लोक हौसेने सायकली चालवतात. तुला हे खरं वाटणार नाही. ज्या नदीकाठच्या रस्त्याला तू रोज संध्याकाळी घरी येऊन शिव्या घालायचीस, ज्याचं खडीकरण झालं आणि पुढे डांबर कधी पडलंच नाही, तो रस्ता माणसं आता मुद्दाम शोधत येतात. रविवारी उजाडताना रत्नागिरीहून गाड्यांच्या मागे सायकली बांधून निघतात, पुलाजवळ उतरतात, आणि डांबर संपलं की त्यांचे चेहरे उजळतात. ते त्याला ग्रेव्हल म्हणतात. मी त्यांच्यातलीच एक आहे. आमच्या गटात एक दातांचे डॉक्टर आहेत, बँकेतल्या दोघी आहेत, आणि कॉलेजात भूगोल शिकवणारी मी. खालच्या बंदराच्या दगडी पायऱ्यांशी आम्ही थांबतो. भरतीबरोबर गलबतं जिथवर चढायची तिथे आता इतका गाळ आहे की ओहोटीला म्हशी आरामात पलीकडे जातात. काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्यापुढचे झिजलेले वीरगळ, वर गढीचा बुरूज. डॉक्टर फोटो काढतात आणि दर वेळी म्हणतात, अहो, एवढा इतिहास आणि कुणाला माहीतच नाही. मी मान हलवते. त्या वीरगळांना टेकून तू सायकलची साखळी बसवायचीस, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

पण मी लिहायला बसले ती रस्त्यासाठी नव्हे. मामा गेला, आई. तुझा भाऊ. भाद्रपदात गेला. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, कशाने गेला? नर्स होतीस, तुला कारण लागायचं. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण मी तुला सांगू शकते, छातीत पाणी झालं होतं. मला जे कारण वाटतं ते सांगायला मात्र हे सगळं लिहावं लागणार आहे.

तुझ्या माहेरच्या वाडीच्या वरचा डोंगर गेल्या वर्षीच्या पावसात फाटला. कोसळला नाही. वरच्या सड्यावर, त्या सपाट कातळमाथ्यावर, एक भेग पडली, वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मामाच्या परसातला फणस नदीकडे कलला. तपासायला सरकारी माणसं आली. त्यांनी सांगितलं, पुढच्या पावसाच्या आत वाडी रिकामी करा, निदान चार महिने नदीपलीकडच्या शाळेत राहा. मी स्वतः सड्यावर चढून भेग पाहिली. माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. वर्गात मी फळ्यावर डोंगराचा उतार काढते, पाणी आत कसं झिरपतं ते बाण काढून दाखवते, आणि मुलं ते वहीत उतरवतात. ते चित्र तिथे पायाखाली होतं, आणि त्याच्या बाणांच्या टोकाशी मामाचं छप्पर.

वाडीने ठरवलं, देवीला विचारू. कौल कसा लावतात हे तुला मी काय सांगणार. तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी लावली, गाऱ्हाणं घातलं, सगळे हात जोडून बसले. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. एक सवाल एकदा विचारला की वर्षभर पुन्हा विचारायचा नाही, हा तिथला नियम. मुंबईहून मामाच्या मुलाचा मला फोन आला. "ताई, तू जा. माझं ऐकत नाही तो. इकडे ये म्हटलं तर म्हणतो, तुमच्या खोलीत माणूस पाय पसरून मेला तर दार उघडत नाही."

मग वैशाखात मी दर रविवारी गटाबरोबर पुलापर्यंत यायचे आणि तिथून एकटी पुढे जायचे. मामा ओटीवर बसलेला असायचा. मला लांबून बघून हसायचा.

"काय गो, लढाईला चाललीस काय? टोप घातलायस तो!"

"पडले तर डोकं शाबूत राहावं म्हणून."

"त्या सायकलीच्या पैशात म्हैस आली असती. दूद तरी दिलं असतं."

"म्हैस खडीवर पळत नाही मामा."

"तू तरी कुटं पळतेस? भिजलेल्या कोंबडीसारखी येतेस नि माजा माठ रिकामा करतेस."

खडीवर चालवायला तू शिकवलंस, हे त्याला ठाऊक होतं. त्यालाही तूच शिकवलं होतंस, आजी गेल्यावर तो आपल्याकडे राहायला होता तेव्हा. उपकेंद्रामागच्या त्या दोन खोल्या मला आठवतात. बाबा बोटीवर, तू स्टोव्हपाशी. एका बाजूला भाताचं पातेलं, दुसऱ्या बाजूला सुया उकळायचा डबा, आणि दोन्हींची वाफ एकत्र होऊन खोलीला आजाऱ्याचा आणि जेवणाचा एकच वास. मी सात-आठ वर्षांची आहे. एक बाई दारात बसली आहे, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल. तू आत इंजेक्शन भरते आहेस. मी त्या बाईला म्हणते, काकू, रडू नका, आई आली ना, बाळ बरं होईल. बाई गेल्यावर तू माझा दंड धरलास. मारलं नाहीस. म्हणालीस, "जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द कुणाला द्यायचा नाही. समजलं? ती घरी जाऊन तुझ्या शब्दावर झोपेल." मूल बरं झालं की नाही, मला आठवत नाही. तेव्हा मला ते बोलणं कठोर वाटलं होतं. बरीच वर्षं वाटत राहिलं.

मामाशी वाद घालताना मी सगळं वापरलं. भेगेचे फोटो दाखवले. शेजारच्या तालुक्यात दरड कुठे कशी आली ते सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, सुपारी कातरत.

"देवीनं डावा दिला, बाय. आता सायेब आला काय नि कोन आला काय."

"मामा, डोंगराला कौल कळत नाही."

"नि तुला डोंगर कळतो काय? पुस्तकात बगून?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "रागावू नको गो. मी काय येडा नाय. मलाबी रात्री आवाज येतो. पर सगळी वाडी बसली हाय नि देवीचा मानकरीच पयला उठून पळाला, असं मी करू काय? तुज्या आयशीनं केलं असतं?"

तू काय केलं असतंस ते मला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या वयात आईला विचारायचे प्रश्न अजून तयारच झालेले नसतात.

एका रविवारी मी परत निघाले आणि देवळापाशी गुरवकाका भेटले. ते गाभारा धुऊन पायरीवर बसले होते. माझ्या सायकलच्या जाड टायरवर त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि एकदम बोलायला लागले. घरात सून आहे, दोन लहान नातवंडं आहेत. "रात्री माकडानं दगड पाडला तरी पोरं उटून बसतात. पर काय करनार? कौल मीच लावला. नि मीच पयला गाशा गुंडाळला तर लोक काय बोलतील?"

मी विचारलं, "काका, देवीला नक्की काय विचारलंत?"

"काय म्हंजे? तुला सोडून आमी गाव रिकामा करू काय, असं इच्यारलं."

"याला कोण हो म्हणेल, काका?"

मग त्यांना हसू आलं, आवाज न करता, खांदे हलवत. मी पुढे बोलले. देवी शिमग्यात नदी ओलांडते ना? मुखवट्यांची रूपं लावून पालखीत बसते, पलीकडच्या वाडीत घरोघर जाते, कधीकधी मुक्कामही करते. मग चार महिने पालखी शाळेत नेऊ का, असं विचारता येईल का? त्यांनी पायरीवरचं पाणी हाताने निपटलं. "इच्यारता येईल," ते शेवटी म्हणाले. "त्यो सवाल येगळा."

त्या दिवशी परतताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता, आई. नदी उजवीकडे चमकत होती, खडीवर चाकं हलकी चालली होती, आणि मला वाटत होतं, मी या लोकांच्या रीतीतूनच त्यांची सुटका शोधली. बाहेरचं काही लादलं नाही. गटातले पुलावर चहा घेत थांबले होते. डॉक्टर म्हणाले, आज फार खुशीत दिसताय.

दुसरा कौल लावला तेव्हा मी तिथे होते. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय महाराजा" म्हटलं. त्यांनी पाकळ्या लावल्या. डावी लावताना त्यांचं बोट थोडं जास्त वेळ दाबलेलं राहिलं, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच मी शपथेवर सांगू शकते. समईचा उजेड कमी होता. उजवी पाकळी लगेच पडली, आणि सगळ्यांच्या तोंडून सुटलेला श्वास मला ऐकू आला. मामाने जमिनीला डोकं टेकलं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "चार म्हैने ना गो?"

मी म्हटलं, "चार महिने मामा. दिवाळीला तू तुझ्या ओटीवर असशील."

मृग लागायच्या आधी पालखी साकवाच्या अरुंद पुलावरून पलीकडे नेली. ढोल वाजवायचे की नाही यावर वाद झाला. शिमग्याशिवाय पालखी कधी निघाली नव्हती, तेव्हा अशा वेळी काय करतात ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी वाजवले नाहीत. पुढे पालखी, मागे गाद्यांच्या वळकट्या, कणग्यांतला तांदूळ पोत्यांत भरून, कोंबड्यांचे झाप, आणि नुसता पायांचा आवाज. मामाने भोई म्हणून खांदा दिला होता. या वयात नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

शाळेच्या दोन वर्गांत पडदे लावून कुटुंबं राहिली. मामाला व्हरांड्यालगतची खिडकी मिळाली. तिथून नदीपलीकडचं त्याचं घर सरळ दिसायचं, कललेला फणस, छप्पर, आणि वर तो डोंगर. तो दिवसभर व्हरांड्यात बसायचा. पावसाची सर आली की घर पुसलं जायचं, सर गेली की पुन्हा उमटायचं. रस्ता पाण्याखाली गेला तेव्हाही मी लांबच्या डांबरी रस्त्याने येत राहिले. त्याच्यासाठी मासे आणायचे, तो दोन घास खायचा. बोलणं कमी झालं होतं. एकदा म्हणाला, "घर माज्याकडं बगतंय गो." हसण्यावारी नेण्यासारखं ते वाक्य नव्हतं, तरी मी हसले.

आषाढात तीन-चार दिवस असा पाऊस झाला की मला रत्नागिरीत झोप येत नव्हती. पाऊस जरा उघडल्यावर मी गेले. डोंगर जागच्या जागी होता.

"पडला काय गो तुजा डोंगर?" मामाने विचारलं.

"पडू नये मामा. पडावा असं कुणाला वाटतंय?"

"नाय पडला तर मी हितं कशाला बसलोय? नि पडला तर माजं घर गेलं." तो पालखीकडे बघत होता. ती कोपऱ्यात टेबलावर ठेवली होती, वर नकाशा टांगलेला. "आता तूच सांग, मी सकाळी हात जोडून काय मागू?"

मी शिकलेली बाई आहे, मला उत्तर यायला हवं होतं. मी म्हटलं, तब्येत माग. तो म्हणाला, ती तर तुज्याकडं हाय, गोळ्या घेऊन येतेस ना दर रविवारी.

मग गणपती आले. मुलगा मुंबईहून आला. मामाला एवढंच हवं होतं, दीड दिवसापुरतं घर उघडायचं. त्या घरात, त्या भिंतीपाशी, त्याच्या आजोबांपासून मूर्ती बसत आली होती. पाऊस ओसरला होता. पण वाडीत कुणी जायचं नाही असा हुकूम होता, आणि जो माणूस तो अमलात आणायला नेमलेला होता तो माझ्याकडे पाहून म्हणाला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा यांना. पाऊस ओसरतो तेव्हाच जमीन जास्त ओली असते, आधीच्या पावसाचं पाणी आत असतं, हे मी मामाला सांगितलं. ते खरं होतं. ते आजही खरं आहे, मी तपासून पाहिलं आहे. गणपती शाळेच्या बाकांवर फळ्याखाली बसवला. फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूने मखर काढलं होतं. आरतीला मामाच्या तोंडातून शब्द आले नाहीत, तो नुसत्या टाळ्या वाजवत होता, एका लयीत, आणि आरती संपल्यावरही दोन-तीन वाजवल्या.

विसर्जनानंतर त्याचं जेवण सुटलं. ताप, मग खोकला. दवाखान्यात नेऊन आणलं. गौरी गेल्या त्या आठवड्यात एका सकाळी तो व्हरांड्यात, भिंतीला टेकून बसलेल्या अवस्थेतच गेला. गावचं स्मशान वाडीच्याच काठाला, तिच्या खाली आहे. त्याला तिरडीवर ठेवून साकवावरून नेलं. जिवंतपणी त्याला तो साकव ओलांडायला बंदी होती. तेव्हा मात्र कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आता तू म्हणशील, म्हातारा माणूस होता, ओल होती, कुठेही गेला असता. मी हे स्वतःला सांगून पाहिलं. मग दुसरं सांगून पाहिलं, की तो तिथे राहिला असता आणि डोंगर आला असता तर एकटा तो नव्हे, गुरवाची नातवंडंही गेली असती. हिशोब बरोबर येतो. दर वेळी बरोबर येतो. वाडीतली माणसं चांगली आहेत, मला कुणी लागेल असं बोललं नाही. दिवाळीच्या आधी पालखी ढोल वाजवत परत गेली, तेव्हा एका म्हातारीने मात्र माझ्यासमोर डोंगराकडे हात केला. "हाय तितंच हाय की गो त्यो," ती म्हणाली. "मानूस तेवढा गेला." मामाचा मुलगा कुलूप लावून मुंबईला गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तू केलंस ते आमच्यासाठीच केलंस." 'आमच्यासाठीच' यावर त्याने जोर दिला की मला तसं ऐकू आलं, याचा मी अजून विचार करते.

भेग होती तशीच आहे. तपासणारे पुन्हा येऊन गेले. धोका टळलेला नाही, पुढच्या पावसाआधी पुन्हा हलावं लागेल, असं म्हणाले. गेल्या रविवारी गुरवकाका देवळापाशी भेटले. "फुडल्या वर्साला काय इच्यारायचं देवीला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखर विचारत होते. मी म्हटलं, मला माहीत नाही काका. खोटं नव्हतं ते.

मी अजून जाते. थंडीत तो रस्ता फार सुंदर दिसतो, तुला कधी तसा दिसला नसणार, तू तो नेहमी कुणाच्या तरी कळा सुरू झाल्या म्हणून घाईत कापलास. नदीवर धुकं असतं, खडी दवाने काळी झालेली असते. वाडीच्या अलीकडे जे वळण आहे, तिथून डोंगर आणि त्याखालची घरं पहिल्यांदा दिसतात. तिथे गटातले सगळे थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. मीही थांबते. हे मी त्यांच्याशी बोलू शकत नाही, मामाच्या मुलाशी तर नाहीच, आणि तुझ्याशी बोलते आहे तेही एवढ्याचसाठी की हे पान माझ्या वहीतून कुठेही जाणार नाही. त्या वळणावर मी डोंगराकडे बघते आणि मग मामाचं घर शोधते. ते असतं. छप्पर जागेवर, दाराला कुलूप, फणस तेवढाच कललेला. सगळं शाबूत आहे हे कळल्यावर माणसाला बरं वाटावं, आणि मलाही वाटतं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, दर रविवारी, माझी निराशा होते.